दोनशे भोकांचं कारंजं

माझं काम काय, हे मी उमरेडला माहेरी अजून धड सांगू शकलेले नाही. घाण पाणी पंपानं पाइपात सोडतात, त्या पाइपाला बारीक भोकं असतात आणि एका भोकातून मिनिटाला किती पाणी पडेल ते मी काढते, असं मी आईला एकदा सांगितलं.

"भोक पाडलं तं पानी निघनच नं वं," ती म्हणाली. "त्यात काढाचं काय?"

वडील जन्मभर हातमागावर बसलेले. लुगड्याच्या काठात किती धागे आहेत हे ते न मोजता सांगत. त्यांना माझं म्हणणं कळलं असावं, पण आवडलं नाही. "लोकायले नुसतं इंजिनेर हाये म्हनून सांगत जा," ते म्हणाले. "भोकाचं नको सांगू."

तेव्हा मी धरमपेठेतल्या एका सल्लागाराच्या कचेरीत नोकरीला होते. आमच्या साहेबांच्या दारावरच्या पाटीत नावापेक्षा पदव्यांची अक्षरं जास्त होती. सांडपाणी या विषयात त्यांनी डॉक्टरेट घेतलेली होती, पण सांडपाणी हा शब्द ते उच्चारत नसत. ते त्याला 'द्रवरूप संपत्ती' म्हणत. साइटवर गेले की या संपत्तीपासून वीस पावलं दूर उभे राहत आणि रुमाल नाकाला लावून मार्गदर्शन करत.

ही गोष्ट ज्या वसाहतीची आहे ती काटोल रोडला आहे. कोणे एके काळी तिथं संत्र्याचा बगीचा होता. तो उपटून कुणीतरी शनिवार-रविवारसाठी वीस-पंचवीस बंगले बांधले. वसाहतीला नाव विलायती दिलं, कमान ग्रीक देवळासारखी बांधली आणि सांडपाण्याचं काय करायचं ते देवावर सोडलं. काळी माती ती. पावसाळ्यात फुगते आणि पाण्याचा एक थेंब आत घेत नाही, उन्हाळ्यात अशी भेगाळते की हात कोपरापर्यंत आत जातो. सेप्टिक टाकीतून भरून वाहिलेलं पाणी मग उताराची वाट धरायचं आणि तारेच्या कुंपणाखालून थेट शेजारच्या बगीच्यात शिरायचं.

शेजारचा बगीचा साठीच्या एका बाईंचा होता. त्या स्वतः उभं राहून बाग करत. छाटणी, फवारणी, तोडा, सगळं त्यांच्या नजरेखाली. काटोलच्या बाजारात संत्रा घेऊन जात तेव्हा व्यापारी त्यांच्यासमोर ढिगातला संत्रा दाबून पाहायलाही कचरत, असं मी पुढे ऐकलं. मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते वसाहतीच्या क्लबहाउसात. बंगलेवाल्यांच्या समितीची बैठक चालू होती, आमचे साहेब पडद्यावर चित्रं दाखवत होते, मी कोपऱ्यात बसून चित्रं पुढे सरकवत होते. टेबलावर प्रत्येकापुढे पाण्याची एकेक बंद बाटली. तेवढ्यात या बाई विचारल्याशिवाय आत आल्या. त्यांच्या हातातही बाटली होती. ती त्यांनी समितीच्या अध्यक्षांपुढे, त्यांच्या बाटलीला लावून ठेवली. आतलं पाणी करडं होतं आणि त्यात काहीतरी तरंगत होतं.

"हे तुमचं हाये," बाई म्हणाल्या. "माह्या बगीच्यात सापडलं. वापस आनलं."

अध्यक्षांनी आपली बाटली हळूच बाजूला सरकवली.

"डिंक्या लागून राहिला माह्या झाडायले," बाई म्हणाल्या. "बुडाशी पानी थांबलं का झाड गेलं. ग्रामपंचायतीत अर्ज देल्ला हाये. आता कलेक्टरले बी देतो." आणि आल्या तशा गेल्या. डिंक्या म्हणजे संत्र्याच्या खोडातून डिंक गळायला लागतो तो रोग. समितीत बगीचा लावलेला एकही माणूस नव्हता, पण कलेक्टर हा शब्द सगळ्यांना कळला. आम्हाला काम त्याच दिवशी मिळालं.

उपाय तसा जुना आणि साधा आहे. काळ्या मातीवर वाळू-गिट्टीचा उंच थर घालायचा. त्यावर बोटाएवढ्या अंतरानं नाही, चांगल्या दोन-दोन फुटांवर पाइपांच्या ओळी टाकायच्या. पाइपांना बारीक भोकं. टाकीत पाणी साठलं की पंप थोडा वेळ चालतो, दोनशे भोकांतून पाणी साऱ्या थरावर सारखं पसरतं, मग पंप बंद. वाळू ते पाणी सावकाश पिते, गाळते, आणि पुढच्या खेपेपर्यंत कोरडी होऊन श्वास घेते. सगळी मेख त्या 'सारखं' या शब्दात आहे. एका जागी जास्त पडलं तर तिथं डबकं होतं. डबकं झालं की वाळू सडते आणि घाण पुन्हा उताराला लागते.

म्हणून भोकाचं गणित. भोक केवढं आणि त्यामागे पाण्याचा दाब किती, यावर पाणी ठरतं. चार एमएमचं भोक, दीड मीटर पाण्याचा दाब, म्हणजे एका भोकातून मिनिटाला जेमतेम अडीच लिटर. दोनशे भोकं, मिनिटाला पाचशे लिटरच्या आसपास. तेवढा पंप घ्यायचा. पाइपातून जाताना पाणी घासतं, दाब कमी होत जातो, म्हणून पहिल्या आणि शेवटच्या भोकात दहाव्या हिश्श्याहून जास्त फरक पडू नये असे पाइप निवडायचे. झालं. चार दिवस बसून मी हे वहीत केलं आणि साहेबांसाठी एका चिठ्ठीवर दोन वाक्यं लिहिली. भोक दीडपट रुंद केलं तर पाणी दीडपट नाही, सव्वादोन पट जातं. पाणी दुप्पट हवं असेल तर दाब दुप्पट करून भागत नाही, चौपट लागतो. साहेबांनी चिठ्ठी घेतली, 'व्हेरी गुड' म्हणाले आणि तिच्यावर चहाचा कप ठेवला.

त्यांच्याजवळ स्वतःचं एक साधन होतं. परदेशातून कुणाकडून तरी मिळालेला कॉम्प्युटरचा एक तक्ता. त्यात आकडे टाकले की उत्तर येई. तक्ता इंच आणि गॅलनचा होता, हे त्यांनी पाहिलेलं नव्हतं. त्यांनी भोकाच्या रकान्यात चार लिहिलं. तक्त्यानं ते चार इंच समजून प्रामाणिकपणे उत्तर दिलं. एकेका भोकातून आगीच्या बंबाला लाजवेल एवढं पाणी.

"सर, हे इंचात आहे," मी म्हणाले.

"आकडा आला ना?" साहेब म्हणाले. मग जरा विचार करून त्यांनी त्या आकड्याला शंभरानं भागलं. "फॅक्टर ऑफ सेफ्टी," ते म्हणाले.

मी वाद घातला नाही. माझ्या वहीतले आकडे नकाशावर चढवले, त्यांनी न वाचता सही केली. मला वाटलं, आपण जिंकलो. नोकरीत पहिली काही वर्षं माणसाला असं वाटत राहतं.

पाइप भोकं पाडायला गेले तेव्हा मला साइटवर जायचं होतं. साहेब म्हणाले, "ऊन फार आहे. तुम्ही उद्घाटनाचं प्रेझेंटेशन करा." ऊन होतंच, पण ते पुरुषांवरही पडत असतं. मी कचेरीत बसून वसाहतीच्या कमानीचा फोटो निरनिराळ्या कोनांतून लावत बसले.

साइटवर काय झालं ते मला नंतर मिस्त्रींनी सांगितलं. हे मिस्त्री पन्नाशीचे, नळकामात केस पांढरे केलेले. त्यांनी नकाशा पाहिला आणि त्यांच्या मनात रास्त शंका आली. चार एमएमचं भोक घाण पाण्यात चार दिवसांत बुजेल. पंपाच्या आधी जाळीचा फिल्टर बसवायचा हे नकाशात होतं, पण फिल्टर आलाच नव्हता. त्यांनी आमच्या कचेरीत फोन केला. साहेबांनी 'तुम्ही अनुभवी आहात, बघून घ्या' असं सांगून फोन ठेवला. मग मिस्त्रींनी समितीच्या अध्यक्षांना विचारलं.

अध्यक्षांची गांधीबागेत कापडाची जुनी पेढी. माणूस वाईट नव्हता. पण आपल्या धंद्यात जे खरं ते सगळ्या जगात खरं, अशी त्यांची पक्की समजूत होती.

"भाऊ, कपडा कधी बराबर नापून फाडत असते का?" ते मिस्त्रींना म्हणाले. "दोन बोटं जास्तच फाडा लागते. गिऱ्हाईक खूश राह्यते. करा ना मोठं भोक. आपल्याले काय कमी हाये?"

झालं. ड्रिलला सहाचा बिट लागला आणि दोन दिवसांत दोनशे भोकं मोठ्या मनानं पाडून झाली.

अशा कामात पाइप झाकण्याआधी एक चाचणी करतात. भोकं वर तोंड करून ठेवायची, स्वच्छ पाणी भरायचं, पंप सुरू करायचा. प्रत्येक भोकातून धार उडते. सगळ्या धारा सारख्या उंचीच्या असल्या की काम बरोबर. हिशेब बरोबर असेल तर धार माझ्या खांद्यापर्यंत यायला हवी होती. पंधरा मिनिटांचं काम आहे, मिस्त्री आणि मी मिळून करून टाकलं असतं. पण साहेबांनी अध्यक्षांना त्याचं वर्णन केलं, अध्यक्षांनी समितीला केलं, आणि समितीनं त्याचा सोहळा ठरवला.

मी पोचले तेव्हा मांडव पडला होता. वाळूच्या थराच्या चारी कोपऱ्यांना केळीचे खुंट बांधले होते. पंपाला हार घातला होता, मोटरीवर कुंकवाचं स्वस्तिक होतं. एक माननीय पाहुणे आले होते. कशाचे माननीय ते शेवटपर्यंत मला कळलं नाही, पण त्यांच्याबरोबर सहा माणसं आली होती आणि त्यांतल्या तिघांच्या हातात फोन होते. माझ्या हातात शाल-श्रीफळाचं ताट दिलं. कुंपणापलीकडे त्या बगीच्यावाल्या बाई तारेला हात लावून उभ्या होत्या. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं.

नारळ फुटला, बटन दाबलं. पंपाजवळच्या दोन ओळींतून धारा उसळल्या, छातीएवढ्या. तिसऱ्या-चौथ्या ओळीच्या कमरेएवढ्या. त्यापुढच्या गुडघ्याएवढ्या. शेवटच्या तीन ओळींची भोकं नुसती पाझरत होती, सर्दी झालेल्या नाकासारखी. ते पाहताक्षणी मला कळलं. मी ताट खुर्चीवर ठेवलं, जवळ जाऊन वाकले आणि एका भोकात करंगळी घालायचा प्रयत्न केला. टोक आत गेलं. चारच्या भोकात करंगळीचं टोक जात नाही.

लोक टाळ्या वाजवत होते. माननीय पाहुण्यांनी साहेबांना विचारलं, "हे असं उतरतं का ठेवलंय?"

मी साहेबांच्या शेजारीच होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी हळूच म्हणाले, "सर, भोकं मोठी पडली आहेत." त्यांनी मान हलवली, जणू मी त्यांना हवा असलेला शब्दच पुरवला होता, आणि पाहुण्यांकडे वळले.

"ही श्रेणीबद्ध वितरण पद्धत आहे," ते म्हणाले. "ग्रेडेड. आपल्याकडे पहिल्यांदाच."

"वा," पाहुणे म्हणाले. "कारंजं झकास आहे. याला रंगीत लाइट लावा."

तेवढ्यात कुंपणापलीकडून आवाज आला. "साहेब, शेवटच्या नळीत पानीच नाई!"

साहेब हसून म्हणाले, "बाई, हे तांत्रिक आहे."

"आमच्या बगीच्यात बी तांत्रिकच हाये," बाई म्हणाल्या. "ड्रिप लावली हाये मी. पह्यल्या झाडाले पूर अन् शेवटच्या झाडाले सुतक, अशी लावून देल्ली होती मले बी एका दुकानदारानं. त्याले वापस बलावला अन् समदी काढाले लावली."

पाहुण्यांच्या सहाजणांपैकी कुणीतरी बाईंना गप्प राहायची खूण केली. माइकवरून आभार सुरू झाले. मी ताट पुन्हा हातात घेतलं आणि शाल पुढे केली. हे मी लिहून ठेवते, कारण या गोष्टीत मूर्ख म्हणून इतरांकडे बोट दाखवणं मला फार सोपं जातं. सगळ्या मांडवात दोनच माणसांना काय चुकलंय ते कळलं होतं. एक कुंपणाबाहेरून ओरडली. दुसरी आत ताट धरून उभी राहिली.

पुढचं मला समितीकडूनच कळत गेलं. चाचणीनंतर पाइप फिरवून भोकं खाली करायची, वर गिट्टी आणि माती घालायची, असं ठरलं होतं. पण पाहुण्यांना कारंजं आवडलं होतं. समितीनं एकमतानं ठराव केला की ते झाकू नये. निळे-हिरवे दिवे आले. चारी बाजूंनी बाकं आली. साहेबांना मी सांगितलं, "सर, उद्या त्यात टाकीचं पाणी येणार आहे." ते म्हणाले, "प्रक्रिया झालेलं असतं ते." मी म्हणाले, "सर, प्रक्रिया वाळूत होते. हे वाळूच्या आधीचं आहे." साहेब म्हणाले, "क्लायंट खूश आहे." मग मी समितीला पत्र लिहिलं, कारंजं ताबडतोब बंद करा म्हणून. पत्रावर सही साहेबांची लागते. ते पत्र त्यांच्या टेबलावर पडून राहिलं.

एका रविवारी वसाहतीत जेवणावळ झाली. अध्यक्षांच्या घरचं काहीतरी होतं, सोयरे आले होते, सावजी मटणाची पंगत होती. दुपारची वेळ, माणसं भरपूर, त्यामुळे टाकी लवकर भरली आणि पंप आपला आपण सुरू झाला, जसा व्हायला हवा होता. छातीएवढ्या धारा उडाल्या. लहान पोरं धावत जाऊन भिजली. बायकांनी फोटो काढले. वारा पंगतीच्या दिशेला होता, त्यामुळे उन्हात बसलेल्यांना बारीक तुषारांचा गारवा मिळाला. वास आला, पण तो शेजारच्या शेतातल्या खताचा असेल असं सगळ्यांनी ठरवलं. शहरातून आलेला माणूस गावाकडे कुठलाही वास आला की खताचा समजतो.

सोमवारपासून निम्मी पंगत पोट धरून पडली. दोन-तीन दिवसांत सगळे बरे झाले, सलाइनपर्यंत कुणाचं गेलं नाही, म्हणून हे हसत सांगता येतं. समितीची तातडीची बैठक झाली आणि दोषी कोण ते ठरलं. सावजी रस्सा. तिखट फार होतं, तर्री फार होती, स्वयंपाक्यानं तेल जुनं वापरलं. त्या स्वयंपाक्याला वसाहतीत यायची कायमची बंदी झाली.

हे ऐकलं तेव्हा मात्र मी चिडले. इतके दिवस गणिताचा अपमान झाला तो मी गिळला होता. पण आमच्या कोष्ट्यांच्या घरात सावजी रस्सा पाटा-वरवंट्याच्या मसाल्याचा होतो. मी लहानपणापासून तो खात आले. तिखटानं नाक वाहिलं, कान वाजले, पण साऱ्या पंगतीनं खाटा धरल्या असं उमरेडला आजवर झालेलं नाही. चूक उघड्या कारंज्याची आणि शिक्षा रश्श्याला.

तेवढ्यात अध्यक्षांचा कचेरीत फोन आला. पंपाजवळ डबकं झालंय, शेवटच्या ओळींखालची वाळू कोरडीच आहे, आणि घाण पाणी पुन्हा त्या बाईच्या बगीच्याकडे निघालंय. त्यावर समितीचा उपाय तयार होता, दुप्पट ताकदीचा पंप. साहेब म्हणाले, "बसवा." पंप बसला. पहिल्याच दिवशी पुढचे दोन जोड निखळले, जवळच्या धारा डोक्यावरून गेल्या, आणि शेवटच्या ओळी पाझरत होत्या त्या जरा जास्त पाझरल्या.

मी त्या दिवशी साहेबांना विचारलं नाही. रजेचा अर्ज टेबलावर ठेवला आणि काटोलची बस धरली. फाट्यावर उतरून आधी मिस्त्रींना फोन केला. ते आले. मी म्हणाले, "भाऊ, भोकं सहाची काहून पाडली?" त्यांनी फिल्टरचं आणि कापडाचं सगळं सांगितलं आणि म्हणाले, "मॅडम, तुम्ही एक डाव येऊन चारच का ते सांगितलं असतं तं मी चारच पाडली असती. कागदावर आकडा होता. काहून तो आकडा, ते कुठं होतं?"

मी वही उघडून त्यांना चारचं कारण सांगितलं.

आम्ही जुना पंप पुन्हा जोडला, बोअरचं पाणी टाकीत सोडलं. पहिल्या ओळीतला पाइप फिरवून एक भोक खाली केलं, खाली खड्डा करून लिटरची बाटली ठेवली. घड्याळ धरायला तिसरं माणूस हवं होतं. कुंपणापलीकडून त्या बाई बघतच होत्या.

"मावशी, येता का जरा?" मी म्हणाले.

"आज बलावणं हाये वाटते," त्या म्हणाल्या, पण आल्या. तार वर उचलून वाकून आल्या. हातात फवारणीचे रबरी मोजे होते, ते मला दिले.

पहिल्या भोकाखाली बाटली तेरा सेकंदांत भरली. शेवटच्या ओळीतल्या शेवटच्या भोकाखाली मिनिट उलटून गेलं तरी बाटलीचा गळा रिकामाच होता. मावशींनी हातातल्या माझ्या फोनवरच्या घड्याळाकडे पाहिलं, बाटलीकडे पाहिलं.

"हे त्या दिवशी टाळ्या वाजवत होते तेच का वं?"

"हाव," मी म्हणाले.

"अन् तुले माईत होतं?"

"हाव."

"मंग बोलली काहून नाई?"

मी काहीतरी सांगायला लागले, साहेब, माइक, नोकरी. त्या ऐकून घेत होत्या. मग म्हणाल्या, "तुह्या नोकरीच्या पायी माही सतरा झाडं गेली." रागानं नाही. तोडा किती झाला हे सांगतात तसं सांगितलं. मग उठून शेवटच्या ओळीतली दुसरी बाटली लावायला गेल्या.

त्या दुपारी मी तेरा सेकंद आणि एक मिनिट हे दोन आकडे एका कागदावर लिहिले. खाली लिहिलं की चारचं भोक सहाचं केल्यानं काय झालं, मोठ्या पंपानं ते का सुधारणार नाही, आणि कारंज्यातून पंगतीवर काय उडालं. शेवटी लिहिलं की स्वयंपाक्याची माफी मागावी. सही माझी केली. कागद अध्यक्षांच्या हातात नेऊन दिला. ते बंगल्याच्या ओसरीवर बसले होते. वाचत गेले तसा त्यांचा चेहरा बदलत गेला. पंगतीच्या ओळीवर आल्यावर त्यांनी कागद गुडघ्यावर ठेवला.

"माह्या नातवानं त्यात आंघोळ केली मॅडम," ते म्हणाले.

"हो."

"अन् तुमचे साहेब म्हनत होते संपत्ती हाये."

दुसऱ्या दिवशी फिल्टर आला. आठवड्यात नवे पाइप आले. मिस्त्रींनी यावेळी प्रत्येक भोक पाडल्यावर त्यात चारचा खिळा घालून पाहिला, आतली खरड काढली. भोकं पाडायचे दोन्ही दिवस मी उन्हात बसून होते. ऊन फार होतं, हे साहेबांचं खरं होतं. चाचणी आम्ही तिघांनीच केली. पंप सुरू झाला आणि दोनशे धारा उठल्या, जवळच्या माझ्या खांद्याला, शेवटच्या वीतभर खाली. हिशेबात तेवढाच फरक निघत होता. मावशी ओळींमधून शेवटपर्यंत चालत गेल्या, भिजल्या, परत आल्या. "आता बराबर हाये," म्हणाल्या. माझ्या कामाला आजवर मिळालेल्या प्रमाणपत्रांत हे एकच मी खरं धरते. मग आम्ही भोकं खाली फिरवली आणि त्यांवर गिट्टी लोटली.

वसाहतीतल्या काही मंडळींना अजून वाईट वाटतं. कारंजं गेलं. एका बाईंनी मला विचारलं, एक ओळ तरी ठेवता आली नसती का, पाहुण्यांसाठी? स्वयंपाक्याकडे अध्यक्ष स्वतः गेले, ही एक गोष्ट त्यांनी माझ्या अपेक्षेपेक्षा चांगली केली. मावशींच्या सतरा झाडांचं मात्र समितीनं नुसतं 'दुःख व्यक्त' केलं. त्या जागी मावशींनी नवी कलमं लावली, खड्डे स्वतःच भरले.

साहेबांनी मला काढलं नाही. त्यांनी त्याहून वाईट केलं. पुढच्या परिसंवादात त्यांनी याच कामावर निबंध वाचला, 'समान वितरणाचा यशस्वी प्रयोग'. पडद्यावर फोटो होता तो उद्घाटनाच्या दिवसाचा, केळीचे खुंट, छातीएवढ्या आणि गुडघ्याएवढ्या धारा आणि कोपऱ्यात शाल-श्रीफळाचं ताट धरलेली मी. सभागृहात सगळे इंजिनिअर होते. कुणीही विचारलं नाही की समान वितरणात या धारा अशा उतरत्या का आहेत. मी हात वर केला. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं आणि वेळ संपल्याचं जाहीर केलं. मी उभी राहून प्रश्न विचारलाच. माइक नव्हता, त्यामुळे पहिल्या चार रांगांपर्यंत गेला असेल. त्यातल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी चष्मा वर करून पडद्याकडे नीट पाहिलं आणि ते मोठ्यानं हसले.

राजीनामा मी दुसऱ्या दिवशी दिला. आता माझी स्वतःची कचेरी आहे, म्हणजे एक खोली, एक टेबल आणि पायरीवर मिस्त्रींची बॅग. सध्या मौद्याकडच्या एका वसतिगृहाचं काम चालू आहे. नकाशावर आकडा लिहिते तेव्हा शेजारी तो का, ते दोन ओळींत मराठीत लिहिते. विश्वस्तांना त्याची अडचण वाटते. इंग्रजीत लिहिलं की काम मोठं दिसतं, असं त्यांचं म्हणणं आहे.